‘फोटो अल्बम’ म्हणणाऱ्या मित्राचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ‘आम्ही कॉलेजपासूनचे चौघं मित्र. दिग्दर्शक मणि कौल यांचा ‘दुविधा’ हा सिनेमा पाहिला. तिघांनी दादरला एकाच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टर लावून, चौथ्याने आठवडाभर विरार लोकलमध्ये फोनवर, तुकड्यातुकड्यांनी. शाळेत चित्रकला शिकवणारी मैत्रीण हरखून गेली. बँकेतला मित्र म्हणाला, हा सुंदर फोटो अल्बम आहे, सिनेमा नाही, यात गोष्टच नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाद अजून चालूच आहे. तुम्ही कॅमेऱ्यामागे काम करता, तर सांगा, सिनेमा नुसता दिसायला सुंदर असणं पुरेसं आहे का?’

पुरेसं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कॅमेरावाली म्हणजे सौंदर्याच्या बाजूने बोलणार असं तुमच्या मैत्रिणीने धरून चाललेलं दिसतंय. देखणी फ्रेम मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. सूर्य बुडण्याआधीची थोडी मिनिटं, एक लांब लेन्स, मागे जरासा धूर, आणि नंतर डीआयच्या, म्हणजे संगणकावर रंग सुधारण्याच्या, खोलीत बसून सावल्या निळसर आणि चेहरे सोनेरी करायचे. हे करून देणारी हुशार मुलं अंधेरीत गल्लोगल्ली भेटतील. त्यामुळे निव्वळ ‘काय दिसतंय!’ याला मी गुण देत नाही, कापतही नाही.

पण तुमच्या बँकेतल्या मित्राचं ‘फोटो अल्बम’ हे वर्णन मात्र मला फार अचूक वाटतं. तो ते शिवी म्हणून वापरतोय, एवढाच माझा त्याच्याशी झगडा. तिथे येतेच. त्याआधी एक कारागिरीची भानगड मिटवू, कारण माझा संशय आहे की तुम्ही चौघं एकाच सिनेमावर भांडत नाही आहात.

थिएटरात पांढरा पडदा किती उजळ असावा याचं डिजिटल प्रक्षेपणाचं ठरलेलं माप आहे, ४८ निट (निट हे पडद्याची उजळी मोजायचं एकक). काळोख्या हॉलमध्ये डोळा सरावला की तेवढा उजेड भरपूर होतो. फोनचा पडदा याच्या दहापट उजळ असतो, पण खिडकीतून ऊन येणाऱ्या डब्यात त्यातला काळा रंग काळा राहत नाही, गडद भागातलं सगळं बुडतं. शिवाय इंटरनेटवरचा व्हिडिओ लहान करताना उजेड-अंधाराचा तपशील ठेवतात आणि रंगाच्या तपशिलाचे बिंदू चौथाईवर आणतात. याचा सगळ्यात वाईट फटका लाल रंगाला बसतो. लालच्या कडा फुगतात, आतली वीण जाते. आता विचार करा, ज्या सिनेमात पांढऱ्या भिंतीपुढची लाल ओढणी हाच मुख्य सूर आहे, त्याचं फोनवर काय उरलं असेल. आणि प्रोजेक्टरवाल्या तिघांनीही फार फुशारू नये. घरातली भिंत बहुतेक वेळा किंचित पिवळट असते आणि बाहेर रस्त्याचा दिवा असतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत. १९७३ चा सिनेमा. त्या काळच्या रंगीत प्रिंट वर्षानुवर्षं पडून राहिल्या की त्यातला निळा-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी विरतो, आणि सगळं चित्र गुलाबी-तांबूस होत जातं. अशा प्रिंटवरून केलेली प्रत फिरत असेल तर तिच्यातला पांढरा हा पांढरा नसतोच. तुमच्या मैत्रिणीला जी ‘ऊबदार, मातकट छटा’ आवडली ती कदाचित काळाने केलेली करामत आहे, कॅमेरामनने नाही. म्हणून रंगावर वाद घालण्याआधी पडद्यावरचा दात, कागद किंवा चुना बघा. तो गुलाबी दिसत असेल तर रंगाबद्दलची सगळी विधानं तात्पुरती समजा.

आता ‘गोष्टच नाही’ याबद्दल. हे चूक आहे, आणि चूक असल्याचा पुरावा तुमच्या मित्राने स्वतः पाहिलेला असणार. विजयदान देथांच्या ज्या राजस्थानी कथेवर ‘दुविधा’ आहे, त्याच कथेवर अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’ केला, शाहरुख खान आणि राणी मुखर्जीला घेऊन. लग्न करून बायकोला घरी आणणारा व्यापाऱ्याचा मुलगा वाटेत हिशोबातून डोकं वर काढत नाही, आणि लगेच पाच वर्षांसाठी धंद्याला निघून जातो. वाटेवरच्या झाडावरचं भूत तिच्या प्रेमात पडतं, नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं, सासऱ्याला रोज सोन्याच्या मोहरा देऊन गप्प करतं. पण तिला मात्र खरं सांगतं. ती हो म्हणते. मग खरा नवरा परततो. ही गोष्ट कोणत्याही चाळीच्या गच्चीवर सांगा, पोरं जेवण विसरतील. तेव्हा ‘दुविधा’त गोष्ट आहेच. नाही ती उत्कंठा, कारण निवेदक पुढचं आधीच बोलून टाकतो आणि माणसं आपले शब्द भावना न चढवता, जवळजवळ वाचून दाखवल्यासारखे म्हणतात. ‘पुढे काय होणार’ ही ओढ कौल मुद्दाम काढून घेतात. ती काढल्यावर प्रेक्षकाच्या हातात काय ठेवतात, हा खरा प्रश्न.

माझ्या मते चेहरा ठेवतात. आणि इथे अल्बम येतो.

त्या सिनेमात चित्र मध्येच थिजतं, आठवतंय ना? हलता शॉट थांबतो आणि फोटो होतो. तिचा चेहरा, तिचे हात, ओढणीची कड. तुमच्या मित्राला वाटलं की कॅमेरामन आपली कला मिरवतोय. नवरोज काँट्रॅक्टर हे स्थिर छायाचित्रणातून आलेले, आणि हा त्यांचा पहिला कथापट, म्हणून तसं वाटणं अगदीच निराधार नाही. पण त्या घराकडे बघा. ही मुलगी आणली कशासाठी? नवऱ्याला तिच्याशी बोलायचं नाही, सासऱ्याला मोहरा हव्यात, गावाला सून कशी आहे ते पाहायचंय. तिला सगळे बघतात, ऐकत कोणी नाही. जो एकटा तिला विचारतो, तो माणूस नाही. आणि शेवटी खरा नवरा कोण हे ठरवण्याचा खटला उभा राहतो तेव्हा बाप, गावकरी, धनगर सगळ्यांचं मत घेतलं जातं, जिला नक्की माहीत आहे तिचं सोडून. धनगर भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो, न्याय झाला म्हणून सगळे खूश होतात, आणि ती जिच्यावर तिचा काही हक्क चालला नाही अशा त्याच जागी, त्याच खोलीत राहते.

अशा बाईचा चेहरा पडद्यावर थिजवणं म्हणजे सजावट नाही. ते घर तिच्याशी जे करतं तेच चित्र करून दाखवतं. तिला भिंतीवर लावून ठेवतं. आपण खुर्चीत बसून ‘आहा, काय फ्रेम आहे’ म्हणतो तेव्हा आपणही त्या गावातलेच होतो. तुमच्या मैत्रिणीला हे आवडणार नाही, पण तिचं हरखणं हा सिनेमाने लावलेला सापळा आहे, आणि त्यात ती अडकली. बँकेतल्या मित्राला अल्बम दिसला, पण अल्बममध्ये कोणाला डकवलंय हे त्याने पाहिलं नाही. दोघंही अर्ध्या वाटेवर थांबलेत, आणि उरलेल्या अर्ध्यावर भांडतायत.

भिंतीबद्दल थोडं, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि इथे मला बोलू द्यावंच लागेल. चुना लावलेली भिंत उन्हात चित्रित करणं ही डोकेदुखी असते. तिच्यावर पडलेल्या उजेडातला बहुतेक उजेड ती परत फेकते, तर आपल्याकडची सावळी त्वचा फार तर पाचवा हिस्सा. म्हणजे भिंत आणि चेहरा यांत दोन-अडीच स्टॉपचा फरक, आणि एकेक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. उजेड मोजणारा मीटर भिंतीवर धरून त्याचं ऐकलंत तर मीटर भिंतीलाच मध्यम करडी समजतो आणि चेहरा काळवंडतो. चेहऱ्यावर धरलंत तर भिंत जळून जाते, तिच्यातली खडबड दिसेनाशी होते. तेव्हाच्या फिल्मला आजच्या डिजिटल कॅमेऱ्याइतकी सहनशक्ती नव्हती. व्यावसायिक तोडगा सोपा आहे. भिंतीला हलका चहाचा किंवा मातीचा रंग मारा, उन्हावर कापड ताणा, चेहऱ्यावर रिफ्लेक्टर मारा. झालं, सगळं छान दिसतं. ‘दुविधा’त तो मार्ग घेतलेला दिसत नाही. भिंत भगभगीत राहते, चेहरा तिच्यापुढे कापून चिकटवल्यासारखा उभा राहतो, आणि भिंतीवरून परतणाऱ्या उजेडाने सावल्याही फिकट होतात, त्यामुळे खोली जाणवत नाही. माणूस भिंतीत मिसळत नाही, तिच्यातून बाहेरही येत नाही. लघुचित्रशैलीशी त्याचं नातं तुमच्या मैत्रिणीने ओळखलंच असेल.

हे सगळं सांगायचं कारण असं, की सुंदर दिसण्याच्या अनेक वाटा असतात आणि त्यातल्या बऱ्याच स्वस्त असतात. कोणती वाट नाकारली ते पाहिल्याशिवाय निवडलेल्या वाटेची किंमत कळत नाही. ‘पहेली’ शेजारी ठेवला की हे लगेच दिसतं. त्याचे कॅमेरामन रवि के. चंद्रन यांचं काम मला मनापासून आवडतं. दिव्यांच्या रात्री, रंगांची उधळण, गाण्यांचा डौल, सगळं मोकळ्या हाताने केलेलं. तिथे सौंदर्य पाहुणचार करतं, तुम्हाला बसवून घेतं. आणि पालेकरांनी शेवटही बदललाय, भूत नवऱ्याच्या शरीरात शिरून परत येतं, तिला हवं ते मिळतं. काही समीक्षक याला तडजोड म्हणतील. मला उलट वाटतं की तिची इच्छा पुरी होऊ देणं हीही एक भूमिका आहे, आणि जिला ती पटली तिला खुळी ठरवायचं कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या सिनेमात वाळवंट, वाडा, विरह, मीलन, सगळंच एका लग्नाच्या मांडवासारखं उजळलेलं आहे. दुःखाच्या प्रसंगी आणि आनंदाच्या प्रसंगी उजेड फारसा बदलत नाही, त्यामुळे तिच्या होकारामागचा धोका मला डोळ्यांनी कळत नाही, संवादातून कळतो.

सौंदर्य केव्हा वाईट असतं, हेही बोललं पाहिजे. फ्रेंच समीक्षक आणि दिग्दर्शक झाक रिव्हेत यांनी १९६१ मध्ये ‘कापो’ या सिनेमावर लिहिलेला लेख आमच्याकडे अजून वाचला जातो. नाझी छळछावणीतली एक कैदी विजेच्या तारांवर झोकून देते, आणि कॅमेरा ट्रॉलीवरून पुढे सरकत जातो, तिचं प्रेत खालून, नीट चौकटीत बसेल असं घेण्यासाठी. रिव्हेत म्हणाले की त्या क्षणी ही हालचाल करायचं ठरवणारा माणूस केवळ तिरस्काराला पात्र आहे. भाषा जहाल आहे, पण आक्षेप नेमका आहे. शॉट देखणा आहे म्हणून नव्हे, तर मेलेल्या बाईपेक्षा फ्रेमची रचना महत्त्वाची ठरली म्हणून. आपल्याकडे हे रोज घडतं. धारावीवरून ड्रोन उडवायचा, पत्र्यांचा सुंदर नकाशा दाखवायचा आणि खाली उतरायचंच नाही. पूर आलेल्या गावातल्या म्हातारीच्या सुरकुत्यांवर तिरपं ऊन पाडायचं. मला असं काम देऊ करतात तेव्हा मी एवढंच विचारते की हे कोण बघतंय? त्या गोष्टीतलं कोणी, की फक्त आपण? उत्तर ‘फक्त आपण’ असेल तर ते का, याचं उत्तर दिग्दर्शकाकडे असलं पाहिजे. कौल यांच्याकडे होतं असं मला वाटतं. बऱ्याच जणांकडे नसतं.

तुमच्या मैत्रिणीच्या एका वाक्यावर माझा राग आहे, तोही बोलून टाकते. ‘ही कविता आहे, समजावून सांगता येत नाही, एक तर भिडते किंवा भिडत नाही.’ हे म्हटलं की कट्ट्यावरचा वाद संपतो आणि समोरचा माणूस अरसिक ठरतो. चित्रकलेच्या बाई वर्गात मुलांना असं सांगतात का? वरती मी भिंतीबद्दल, थिजवलेल्या चेहऱ्याबद्दल बोलले, ते समजावून सांगणंच होतं. तुम्हाला ते पटेल किंवा नाही, पण त्यावर उलट बोलता येतं. आणि ज्यावर उलट बोलता येत नाही ती रसिकता मला थोडी संशयास्पद वाटते.

संथपणाचं म्हणाल तर मला नेहमी एका गोष्टीचं नवल वाटतं. दादर-पार्ल्यातला श्रोता बडा ख्याल अर्धा तास विलंबितात मुकाट ऐकतो, बंदिशीचे शब्द दोन ओळींचे, ‘पुढे काय झालं’ असं कोणी विचारत नाही. तोच श्रोता सिनेमात शॉट वीस सेकंद थांबला की घड्याळ बघतो. मणि कौल स्वतः झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले, त्यावर त्यांनी माहितीपटही केला. आलापात एकेका स्वराला जेवढी जागा मिळते तेवढी ते हाताच्या हालचालीला देतात. म्हणून काही ते आपोआप चांगलं होत नाही. स्वर लांबवला तर तो लागायला हवा. ‘दुविधा’च्या मधल्या भागात काही ठिकाणी तो मला लागलेला वाटत नाही. भावरहित बोलणं भुतालाही लावल्यामुळे त्याचं आर्जव नवऱ्याच्या कोरडेपणापासून वेगळं ओळखू येत नाही, आणि तो फरक हाच तर कथेचा जीव आहे. तुमचा मित्र कंटाळला असेल तर तिथे त्याचा कंटाळा मी ग्राह्य धरते.

आणि हो, तुमचं भांडण नवं नाही. १९७४ मध्ये सत्यजित राय यांनी ‘गर्म हवा’, ‘माया दर्पण’, ‘दुविधा’ आणि ‘अंकुर’ या नव्या चित्रपटांवर एक लेख लिहिला होता, आणि त्यात कौल आणि ‘माया दर्पण’चे दिग्दर्शक कुमार शहानी या दोघांच्या वाटेवर ते सपशेल नाराज होते. म्हणजे तुमच्या बँकवाल्याच्या बाजूला राय बसलेत, त्याला सांगा, खूश होईल. दुसऱ्या बाजूला १९७३ च्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान ‘दुविधा’साठी कौल यांना मिळाला. मुंबईचाही या सिनेमात हात आहे. नायिका रायसा ही चित्रकार अकबर पदमसी यांची मुलगी, आणि पदमसींनी त्याआधी मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप चालवलं होतं, चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले एका जागी आणण्यासाठी. तेव्हा चित्र आणि सिनेमा यांची सरमिसळ कौल यांना चुकून झाली असं समजू नये.

आता पुढच्या रविवारी काय करायचं ते. पूर्ण सिनेमावर बोलू नका, कोणी कोणाला पटवू शकणार नाही. प्रत्येकाने एकच शॉट निवडायचा, आवडलेला किंवा नावडलेला, आणि तो कट्ट्यावर तोंडी उभा करायचा. कॅमेरा कुठे होता, उंची किती, किती वेळ टिकला, आवाज चित्रातलाच होता की दुसरीकडून येत होता, फ्रेमबाहेर कोण उरलं होतं. मग बाकीच्यांनी तोच प्रसंग नेहमीच्या पद्धतीने घेऊन बघायचा. समोरासमोर दोन क्लोजअप, मागे संगीत, ओळखीची कटिंग. त्यात काही हरवतंय का? हरवत नसेल तर सौंदर्य वरवरचं होतं, बँकेतला मित्र जिंकला. हरवत असेल तर काय हरवलं ते मैत्रिणीने सांगायचं, आणि ‘भिडलं’ हा शब्द त्या संध्याकाळपुरता बंद. निवडलेले शॉट पुन्हा बघायचेच असतील तर चौघांनी एकाच पडद्यावर, खिडकीला जाड पडदा लावून बघा. टीव्ही असेल तर त्यातलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, ते चालू असलं की कुठलाही सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

चौथ्या, लोकलवाल्या मित्राचं मत अजून तुम्ही लिहिलेलंच नाही. त्याला आधी पूर्ण सिनेमा एका बैठकीत दाखवा, दीड तासापेक्षा कमीच आहे. आणि बँकवाल्याला इतक्यात ‘उसकी रोटी’ सुचवू नका. तो कौल यांचा पहिला सिनेमा, के. के. महाजन यांनी कृष्णधवल चित्रित केलेला, मुख्यतः २८ आणि १३५ मिलिमीटरच्या दोनच लेन्सवर. नवऱ्याची भाकरी घेऊन बसच्या वाटेवर थांबलेली बाई आहे त्यात. ‘दुविधा’त गोष्ट नाही म्हणणारा माणूस तो पाहून तुमच्याशी बोलणं सोडेल. त्याच्यासाठी ‘पहेली’च पुन्हा लावा, आणि या वेळी आवाज बंद करून.